जाहिरातीआधी पान हलकं करा: दांडिया बाजारातून लिहिलेली रीत

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते आणि बडोद्यात रावपुऱ्यातल्या फराळवाल्या काकूंचा फोन आला. "अगं, तू म्हणालीस म्हणून ९,००० रुपये घातले जाहिरातीत. इथे दिसतंय की १,१५० जणांनी बोट लावलं. ऑर्डरी आल्या १९. बाकीचे गेले कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाहिरात नीट होती. अनारशाचा जवळून काढलेला फोटो, खाली दोन ओळी, बडोदा, आणंद, मुंबई आणि पुणे एवढीच गावं. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सूनबाईंच्या नव्या फोनवर, घरच्या वायफायवर, त्यांच्या वेबसाइटचं पान झटकन उघडलं. तेवढ्यात डबे बांधायला येणारा मुलगा आला. त्याचा फोन तीन-चार वर्षांचा, नेट सिमकार्डाचं. मी त्याला जिन्यात उभं केलं, इन्स्टाग्रामवरची आमचीच जाहिरात दाखवली आणि घड्याळ लावलं. पडदा पांढरा. सातव्या सेकंदाला मथळा. मग मथळ्यावर दिवाळीच्या शुभेच्छांची खिडकी. अनारशाचा फोटो पूर्ण दिसायला १९ सेकंद. तोवर त्याने फोन खिशात टाकला होता. म्हणाला, "ताई, नेट नाही वाटतं."

नेट होतं. पानच ६.४ एमबीचं होतं.

काकूंचे बाकीचे लोक तिथे गेले होते. गिऱ्हाईक कधी कळवत नाही की तुमचं पान जड आहे. तो नेटला दोष देतो आणि पुढे सरकतो. मी आठ वर्षं बडोद्यातल्या लहान धंद्यांच्या जाहिराती सांभाळते आणि त्या दिवसापर्यंत पानाचा वेग हे वेबसाइट बनवणाऱ्याचं काम समजत होते. ती माझी चूक होती आणि ९,००० रुपये काकूंचे होते. तेव्हापासून कुणाचीही जाहिरात लावण्याआधी मी जे करते ते इथे लिहिते आहे. तुमचं फराळाचं, साड्यांचं, शिकवणीचं, कशाचंही पान असलं तरी रीत हीच.

पैसा कुठे गळतो ते आधी बघा

जाहिरातीचे पैसे जाहिरात दिसली किंवा तिच्यावर क्लिक झालं की कापले जातात. पान उघडलं की नाही, याच्याशी त्या कापण्याचा संबंध नाही. मेटाच्या (फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये दोन वेगळे रकाने असतात: 'लिंक क्लिक्स' आणि 'लँडिंग पेज व्ह्यूज'. लँडिंग पेज म्हणजे जाहिरातीवरून माणूस ज्या पानावर येतो ते. पहिला रकाना बोट लागल्याचा, दुसरा पान खरंच उघडल्याचा. दुसऱ्यासाठी पानावर मेटाचा पिक्सेल, म्हणजे मोजणीचा छोटा कोड, बसवलेला हवा. काकूंच्या जाहिरातीत पहिला आकडा १,१५० आणि दुसरा ४७०. म्हणजे अर्ध्याहून जास्त माणसं उंबऱ्यावरूनच परतली, आणि मी पंधरा दिवस फक्त पहिला रकाना बघत होते.

या दोन आकड्यांत थोडं अंतर नेहमीच राहतं. कुणाचं बोट चुकून लागतं, कुणाच्या फोनवर पिक्सेल अडवलेला असतो. शंभरातले वीस गळाले तर मी चालवून घेते. त्याहून जास्त गळत असतील तर जाहिरातीचा फोटो बदलत बसू नका, पानाकडे बघा. आणि मोहीम लावताना ध्येय म्हणून क्लिक निवडू नका. क्लिक मागितले तर मेटा क्लिक करणारी माणसं शोधून देतं. पान उघडून थांबणारी हवी असतील तर लँडिंग पेज व्ह्यू किंवा थेट खरेदी हे ध्येय ठेवा.

गूगल अ‍ॅड्समध्ये ही गळती वेगळ्या रूपाने दिसते. प्रत्येक कीवर्डला, म्हणजे ज्या शोधशब्दावर जाहिरात लावली त्याला, १ ते १० असा क्वालिटी स्कोर असतो. तो तीन गोष्टींवरून ठरतो: जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि लँडिंग पेजचा अनुभव. कीवर्डच्या तक्त्यात हे रकाने आपले आपण जोडावे लागतात, एरवी दिसत नाहीत. तिसऱ्यात 'सरासरीपेक्षा कमी' दिसलं तर समजा की त्याच जागेसाठी तुम्ही शेजाऱ्यापेक्षा जास्त मोजताय.

फुकटच्या शोधातही वेग धरला जातो. जुलै २०१८ पासून गूगलने मोबाइलवरच्या शोधात पानाचा वेग क्रम लावताना मोजायला घेतला, तेव्हा फटका फक्त अगदी मंद पानांना होता. २०२१ मध्ये कोअर वेब व्हायटल्स ही मोजमापं त्यात आली. तरीही पान हलकं केलं म्हणून पहिल्या नंबरवर येईल, असं कुणाला सांगू नका. शोधणाऱ्याला हवं ते पानावर आहे का, हे आधी. वेग त्यानंतर.

अ‍ॅनालिटिक्सच्या, म्हणजे पानावर आलेल्यांच्या मोजणीच्या, आकड्यांवर मात्र इथे विसंबू नका. त्याचा कोड पानाबरोबरच उतरतो. तो उतरण्याआधी जो माणूस निघून गेला तो मोजलाच जात नाही. त्यामुळे पान जितकं जड, तितके सगळ्यात वैतागलेले लोक हिशेबाबाहेर, आणि अहवाल उगाच बरा दिसतो.

२०१६ मध्ये गूगलने जाहीर केलं होतं की मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ५३ टक्के भेटी सोडून दिल्या जातात. मी हा आकडा व्यापाऱ्यांना सांगते, पण त्याने कुणी हलत नाही. त्यांच्याच दुकानातल्या मुलाच्या फोनवर त्यांचंच पान उघडून दाखवलं की लगेच हलतात.

मोजायचं कसं

आधी फोन आणि घड्याळ. कुणाचा तरी साधा, जुना अँड्रॉइड फोन मागून घ्या. वायफाय बंद. आणि पत्ता टाइप करून पान उघडू नका, गिऱ्हाईक ज्या वाटेने येतं त्या वाटेने या. इन्स्टाग्राममधली लिंक इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तुमच्या क्रोममध्ये आधीच्या भेटीत साठलेले फोटो आणि फॉन्ट तिथे उपयोगी पडत नाहीत, सगळं नव्याने उतरतं. म्हणून मालकाला आपलं पान कायम वेगवान वाटतं. तो रोज उघडतो, त्याच्या फोनमध्ये ते साठलेलं असतं.

मी दोन ठिकाणी मोजते. एकदा मांडवीच्या आतल्या गल्लीत, जिथे दोन्ही बाजूंना जुनी उंच घरं आहेत, आणि एकदा खंडेराव मार्केटमध्ये भर गर्दीच्या वेळी. लिहून घेते त्या वेळा तीन: मथळा वाचता आला ती, मुख्य फोटो पूर्ण दिसला ती, आणि 'ऑर्डर करा' दाबल्यावर पुढे काही झालं ती. तिसरी वेळ बहुतेक जण मोजत नाहीत, आणि विक्री तिथेच अडकलेली असते.

मग पेजस्पीड इनसाइट्स. गूगलची फुकट सोय आहे, पानाचा पत्ता टाकायचा आणि 'मोबाइल' बघायचं. वरच्या भागात खऱ्या माणसांचे आकडे असतात, क्रोम वापरणाऱ्यांच्या मागच्या २८ दिवसांतल्या भेटींवरून काढलेले. लहान साइटवर तेवढी वर्दळ नसते, मग हा भाग रिकामा येतो. काकूंचा रिकामाच होता. त्याने घाबरू नका, खालची चाचणी, म्हणजे गूगल स्वतः पान उघडून करतं ती, तरी मिळतेच.

बघायची मापं तीन. एलसीपी म्हणजे पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट, बहुधा मुख्य फोटो, दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत हवा. आयएनपी म्हणजे बोट लावल्यावर पडद्याने दिलेला प्रतिसाद, २०० मिलिसेकंदांच्या आत. हे माप १२ मार्च २०२४ पासून आलं, त्याआधी एफआयडी होतं, तेव्हा जुन्या लेखांत एफआयडी दिसलं तर सोडून द्या. तिसरं सीएलएस, म्हणजे उघडताना पान किती उड्या मारतं. ते ०.१ च्या आत. प्रत्येक माप शंभरातल्या ७५ भेटींना तरी साधलेलं हवं.

ही नावं कोरडी आहेत, पण काकूंच्या पानावर तिन्हींचा अर्थ डोळ्यांना दिसत होता. एलसीपी म्हणजे तो १९ सेकंदांचा अनारसा. आयएनपी म्हणजे अर्धा किलोचं एक किलो करायला बोट लावलं की काहीच न होणं, मग माणूस पुन्हा दाबतो आणि दोन किलो होतात. सीएलएस म्हणजे 'ऑर्डर करा'वर बोट टेकवावं आणि त्याच क्षणी वर सवलतीची पट्टी उगवून सगळं खाली सरकावं. रेडबस या बसतिकिटांच्या कंपनीने आपलं आयएनपी सुधारलं तेव्हा त्यांची विक्री ७ टक्के वाढल्याचं त्यांनी सांगितलं आहे. तिकीट घेणारा माणूस तारीख, जागा, चढायचं ठिकाण असं सतत बोट लावत असतो. चकली, शेव, चिवडा यांची वजनं निवडणाराही तेच करतो.

एक हिशेब कागदावर मांडून बघा. पेजस्पीडची मोबाइल चाचणी संथ ४जी धरून चालते, सेकंदाला १.६ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागा, सेकंदाला २०० केबी येतात. ६.४ एमबीचं पान म्हणजे ३२ सेकंद. ६०० केबीचं पान म्हणजे ३. मी म्हणूनच प्रत्येक लँडिंग पेजला ७०० केबीची हद्द घालते. हा माझा स्वतःचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण तो व्यापाऱ्याला कळतो. घरखर्चासारखा: काही नवं आणायचं तर जुनं काय काढणार ते आधी सांगा.

एएमपी लावू का?

हा प्रश्न मला अजून विचारला जातो, म्हणून थोडक्यात. गूगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये एएमपीची (अ‍ॅक्सिलरेटेड मोबाइल पेजेस, म्हणजे मोबाइलवर झटपट उघडणारी पानं) घोषणा केली आणि फेब्रुवारी २०१६ पासून ती पानं शोधात दिसायला लागली. पानाची एक वेगळी, काटेकोर आवृत्ती करायची, स्वतःची जावास्क्रिप्ट चालवायची नाही, चित्राची लांबी-रुंदी आधी सांगायची, सजावटीचा कोड ठरावीक मापात ठेवायचा. गूगल ते पान आपल्याकडे साठवून तिथूनच दाखवायचं, म्हणून ते क्षणात उघडायचं. बातम्यांच्या साइटना त्याचा खरा लाभ झाला, कारण मोबाइलवर वरच्या ठळक बातम्यांत येण्यासाठी एएमपी लागायचं. २०२१ मध्ये ती अट गेली. फेसबुकने तसेच झटपट उघडणारे इन्स्टंट आर्टिकल्स २०१५ मध्येच आणले होते, ते एप्रिल २०२३ मध्ये बंद झाले.

आज नव्याने एएमपी लावू नका. दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, फॉर्म आणि मोजणी यांची वेगळी जुळणी करावी लागते, आणि दुकान दुसऱ्याच्या ओट्यावर राहतं. त्याची शिस्त तेवढी उचला. चित्रांची मापं आधी सांगणं, बाहेरचे कोड कमी ठेवणं, सजावट हलकी ठेवणं, हे सगळं आपल्या साध्या पानावरही करता येतं आणि लाभ तोच मिळतो.

वजन कुठे आहे

संगणकावर क्रोममध्ये पान उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क'वर जा, पान पुन्हा उघडा आणि यादी आकाराप्रमाणे लावा. मोठी फाइल सगळ्यात वर येते. काकूंच्या पानाचा हिशेब असा निघाला: फोटो ४.६ एमबी, बाहेरचे आणि थीमचे कोड १.१ एमबी, फॉन्ट अर्धा एमबी, बाकी किरकोळ.

फोटो आधी घ्या, कारण वजन तिथेच असतं आणि त्याला तंत्रज्ञ लागत नाही. फोनने काढलेला फोटो ४,००० पिक्सेल रुंद असतो. गिऱ्हाइकाच्या पडद्याला १,०८० पुष्कळ झाले. स्क्वूश नावाची ब्राउझरमध्ये चालणारी फुकट सोय आहे, तिथे फोटो टाका, रुंदी १,०८० करा, प्रकार वेबपी निवडा, दर्जा ७५ च्या आसपास ठेवा. काकूंच्या अनारशाचा फोटो ३.१ एमबीवरून १२० केबीवर आला. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितले आणि खसखस मोजली. फरक सापडला नाही. चिवड्याचा फोटो मात्र इतका दाबता येत नाही, त्यात बारीक तपशील फार असतो, पोहे चिकटल्यासारखे दिसायला लागतात. तिथे दर्जा ८२ ठेवला. खाण्याच्या वस्तूचा फोटो यंत्रावर सोडू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भूक लागली पाहिजे, हे काम त्याच फोटोचं आहे.

वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून वेबपी घेतं, वेगळं प्लगइन (वरून जोडायचा कोड) लागत नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग असू द्या, म्हणजे माणूस तिथवर आला की मगच ते उतरतील. पण सगळ्यात वरच्या मुख्य फोटोला लेझी लोडिंग कधीही नको. काही प्लगइन सरसकट सगळ्या फोटोंना ते लावतात, मग जो फोटो सगळ्यात आधी हवा तोच रांगेत शेवटी उभा राहतो. मुख्य फोटोला उलट प्राधान्य द्यायला सांगा. आणि सरकत्या चित्रांची पट्टी काढा. स्लायडरमधलं दुसरं चित्र बघायला फारसं कुणी थांबत नाही, पण पाचही चित्रांचं वजन प्रत्येक जण उचलतो. पहिल्या पडद्यावर एक फोटो, एक वाक्य, भाव आणि बटण. काकूंना स्लायडर आवडायचा, त्यावर आमची बरीच चर्चा झाली, शेवटी मोदकाचा फोटो खाली गेला.

फॉन्ट, आणि आपल्या दोन लिप्या

याविषयी इंग्रजी मार्गदर्शनात फार काही सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबते. देवनागरी फॉन्ट रोमन फॉन्टपेक्षा जड असतो. जोडाक्षरांची, अर्ध्या अक्षरांची, मात्रांच्या जागांची वेगवेगळी चित्रं त्यात भरावी लागतात. बडोद्यात तर पान मराठीत हवं आणि गुजरातीतही. काकूंचं निम्मं गिऱ्हाईक गुजराती आहे. करंजीला ते घूघरा म्हणतात आणि तेच शोधतात. दोन लिप्या, प्रत्येकी तीन जाड्या, झाल्या सहा फाइली.

माझा उपाय सोपा आहे. मजकुराला फोनचाच फॉन्ट वापरा. अँड्रॉइडमध्ये देवनागरी आणि गुजरातीसाठी नोटो आधीपासून असतो, आयफोनमध्ये कोहिनूर असतो. उतरवायचं काहीच नाही, शून्य केबी. ओळख म्हणून वेगळं वळण हवंच असेल तर ते फक्त मथळ्याला, एकाच जाडीत. एकाच घराण्याचे फॉन्ट हवे असतील तर देवनागरीला मुक्ता आणि गुजरातीला मुक्ता वाणी चांगले जुळतात. फॉन्ट लिपीनुसार तुकड्यांत ठेवा, म्हणजे मराठी पान उघडणाऱ्याला गुजराती तुकडा उतरवावा लागणार नाही. आणि फॉन्ट येईपर्यंत फोनच्या फॉन्टमध्ये मजकूर दिसत राहील अशी 'स्वॅप' सूचना लावा, नाहीतर जागा कोरी राहते.

फॉन्टची छाटणी करणाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा. हिंदी डोळ्यासमोर ठेवून अक्षरं छाटली की ळ आणि ऱ उडतात. मग 'शंकरपाळे' मधला ळ दुसऱ्याच वळणाचा दिसतो आणि 'दुसऱ्या' मधला चंद्रकोरी र तुटतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदलेली असावी. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात. ही वेगाची गोष्ट नाही, पण वेग आणायच्या घाईत आपली अक्षरं बिघडलेली मी बघितली आहेत, आणि मराठी गिऱ्हाइकाला ते खुपतं.

बाहेरचे कोड

प्रत्येक धंद्याच्या पानावर कुणीतरी कधीतरी बसवलेल्या गोष्टी साचलेल्या असतात. काकूंच्या पानावर दोन वेगवेगळे चॅटचे गोळे, नकाशा, यूट्यूबचे दोन व्हिडिओ, दोन मेटा पिक्सेल आणि एका बंद पडलेल्या सवलत योजनेची खिडकी निघाली. एक पिक्सेल आधीच्या माणसाचा होता. त्याच्या खात्यात काकूंच्या गिऱ्हाइकांची नोंद वर्षभर जात होती.

प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारा: मागच्या महिन्यात याच्यामुळे कुणी काय केलं? चॅटच्या गोळ्यातून तीन महिन्यांत चार संदेश आले होते, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वीस. गोळे काढले, तिथे व्हॉट्सअ‍ॅपची साधी लिंक ठेवली, तिचं वजन जवळजवळ शून्य. नकाशाच्या जागी पत्ता आणि 'रस्ता बघा' अशी लिंक. यूट्यूबचा व्हिडिओ बसवला की तो कुणी न लावताही शेकडो केबी उतरवतो. म्हणून तिथे फक्त त्याचं चित्र ठेवा आणि बोट लावल्यावर व्हिडिओ येऊ द्या. मोजणीचे कोड गरजेचे आहेत, ते ठेवा, पण टॅग मॅनेजरमध्ये, म्हणजे असे कोड एका जागी सांभाळायच्या सोयीत, जाऊन जुने, दुहेरी आणि अनोळखी टॅग बंद करा. पॉपअप काढता येत नसेल तर माणूस निम्म्या पानापर्यंत सरकल्यावर दाखवा.

होस्टिंगबद्दल एवढंच: सर्व्हर मुंबईत मिळत असेल तर तो घ्या, आणि कॅशिंग, म्हणजे तयार पान साठवून तेच देणं, चालू ठेवा. पण कॅशिंगची एक खोच जाहिरातवाल्यांनाच भोवते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून येणाऱ्या प्रत्येक क्लिकच्या पत्त्याला एफबीक्लिड नावाचं शेपूट असतं, गूगलच्या जाहिरातीला जीक्लिड. प्रत्येक क्लिकचं शेपूट वेगळं. कॅशिंग नीट लावलेलं नसेल तर सर्व्हरला प्रत्येक क्लिक नवीन पान वाटतं आणि तो ते पहिल्यापासून बनवायला बसतो. म्हणजे फुकट येणाऱ्याला तयार पान आणि ज्याच्यासाठी आपण पैसे मोजले त्याला थांबायला लावायचं. कॅशिंगच्या सेटिंगमध्ये ही शेपटं आणि यूटीएमची (माणूस कुठल्या जाहिरातीतून आला ते नोंदणारी) शेपटं दुर्लक्षित करा असं सांगता येतं. मी आता प्रत्येक नव्या कामात हे पहिल्या दिवशी तपासते.

वाटेतले थांबेही मोजा. काकूंची लिंक आधी आखूड पत्त्यावर जायची, तिथून लिंकांच्या यादीच्या पानावर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या पत्त्यावर आणि मग खऱ्या पानावर. जाहिरातीत नेहमी शेवटचा, खरा पत्ता घाला. आणि जाहिरातीत अनारसे दाखवले तर पान अनारशांचंच उघडू द्या, दुकानाचं मुखपृष्ठ नको.

नवरात्रातली वेळ

नवाबाजारातल्या एका चणिया चोळीवाल्या बेनचं काम माझ्याकडे आहे. त्यांचा वर्षाचा धंदा महिनाभरात होतो. त्यांच्या पानावर एकदम ४० फोटो उघडायचे. आता आठ उघडतात, पुढचे 'आणखी बघा' दाबल्यावर. पण बडोद्यात नवरात्रात वेगाचा आणखी एक प्रश्न येतो. गरब्याच्या मैदानाभोवती हजारो फोन एकाच टॉवरवर येतात आणि सगळ्यांचं नेट अडखळतं. तेव्हा कितीही हलकं पान रेंगाळतं. म्हणून रात्री ९ ते १२ मी त्यांची जाहिरात बंद ठेवते. गरबा सुटला, लोक शेवउसळीच्या गाडीपाशी किंवा घरी पोचले, की चालू. उद्या काय घालायचं हा विचारही त्याच वेळी चाललेला असतो. मेटावर असं वेळापत्रक लावताना रोजचं नाही, एकूण बजेट निवडा, एवढं लक्षात ठेवा.

फरक कसा ओळखायचा

काकूंचं पान तीन दिवसांत ६४० केबीवर आलं. डबे बांधणाऱ्या मुलाच्या फोनवर, त्याच जिन्यात, मुख्य फोटो तिसऱ्या सेकंदाला दिसला. उरलेल्या दिवसांत बजेट आणि जाहिरात तीच ठेवली. आधी शंभर क्लिकमागे ४१ वेळा पान उघडत होतं, ते ७८ झालं. ऑर्डरीही वाढल्या, पण दिवाळी जवळ आली की त्या वाढतातच, म्हणून त्या वाढीचं सगळं श्रेय मी पानाला देत नाही. क्लिक आणि पान उघडणं यांचं प्रमाण मात्र सणाने फारसं बदलत नाही. वेगाचं काम तपासायला मी तेच धरते.

बदल एकेक करा आणि तारीख लिहून ठेवा. पेजस्पीडच्या वरच्या भागातले आकडे २८ दिवसांचे असतात, आज केलेली सुधारणा त्यात पूर्ण दिसायला महिना जातो. तोवर खालची चाचणी आणि जुना फोन यांवर चालवा. शंभरपैकी गुणांच्या मागे लागू नका. ६८ गुणांवर चांगलं विकणारी पानं माझ्याकडे आहेत.

सणाच्या आधी दहा दिवस पान गोठवा. नवं प्लगइन नाही, नवी थीम नाही, शुभेच्छांची खिडकी नाही. काकूंच्या घरी आता याची एक ठरलेली पद्धत आहे. नवा फोटो घालायचा असला की सूनबाई तो आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, खाली त्याचे केबी लिहून. जाहिरात सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी डबे बांधणारा मुलगा जिन्यात उभा राहून पान उघडतो, अर्धा किलो चकली टोपलीत घालतो, पैसे भरायच्या पानापर्यंत जातो आणि मला सेकंद कळवतो. त्याचा निरोप आला की मगच मी बजेट भरते.